लालीचं तिसरं वेत

थर्मामीटरचा पारा हललाच नाही. मी तो झटकला, पुन्हा पिल्लाला लावला आणि मनात दोन मिनिटं मोजली. पारा पंच्याण्णवच्या खुणेखालीच बसून राहिला. आमचा थर्मामीटर पंच्याण्णवपासूनच सुरू होतो, कारण त्याहून गार माणूस मोजायची वेळ सहसा येत नाही.

"काय म्हनते तुमची कांडी?" अंजनाबाईंनी विचारलं.

"काहीच म्हणत नाही. तेच वाईट आहे."

पिल्लू दोन दिवसांचं होतं. काळं, डोळे मिटलेलं, तळहातावर मावेल एवढं. त्याची आई लाली कोपऱ्यात पडून माझ्याकडे बघत गुरगुरत होती. अंजनाबाईंनी तिच्या मानेवर हात ठेवला होता म्हणून मी तिथं बसू शकत होते. लालीला चार पिल्लं झाली होती. एक त्याच दिवशी सकाळी गेलं होतं.

मी तेव्हा चिखली तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स-मिडवाइफ होते. म्हणजे बाळंतपणं करायची, मग घरोघर जाऊन बाळ-बाळंतीण पाहायची, नाळ, ताप, दूध बघायचं आणि व्हिजिटच्या डायरीत लिहायचं. कुत्र्यांचा त्यात संबंध नव्हता. उंद्रीच्या शिवारातल्या एका बाळंतिणीला पाहून मी परत निघाले होते, तेवढ्यात अंजनाबाईंनी बांधावरून हाक मारली. जनावरांचा दवाखाना चिखलीला. ओल्या बाळंतिणीसारखी कुत्री आणि तिची पिल्लं एसटीत कोण घेणार?

"पण मावशी, मी माणसांची नर्स आहे," मी म्हटलं.

"तुमी बायांचं करता. मंग हिचं काय येगळं हाये?"

मी पिशवी उचलली आणि त्यांच्यामागे गेले.

अंजनाबाई पन्नाशी ओलांडलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या मळ्यातच एका खोलीत एकट्या राहायच्या. वांगी, मिरची, कांदा आणि नाल्याच्या बाजूला रताळी. रताळ्यांवर डोंगराकडून रानडुकरं उतरायची. लाली त्यांच्यावर धावून जायची. तिच्यामुळेच एकटी बाई तिथं राहू शकत होती. पण लाली आता म्हातारी झाली होती, मागच्या एका पायानं लंगडत होती. दोनदा दुसरीकडून पिल्लू आणून पाहिलं. एकानं कोंबड्या खाल्ल्या. दुसरं डुकराचा वास आला की खाटेखाली शिरायचं. अंजनाबाईंना लालीचंच पिल्लू हवं होतं आणि लालीचं हे शेवटचं वेत होतं.

आधीची दोन्ही वेतं गेली होती. पहिलं गोठ्यात झालं. तिथं बैलाचा पाय पडला, मुंग्या लागल्या. दुसरं मागच्या हिवाळ्यात ह्याच खोलीत झालं आणि चार दिवसांत एकेक करून सगळी पिल्लं गार पडली. का, ते कुणालाच कळलं नव्हतं.

अंजनाबाईंचा मुलगा वसंता गावात राहायचा. तो दाराशी उभा होता.

"बाई, तुमीच समजवा मायले," तो मला म्हणाला. "हे पिल्लं बी गेले तं संक्रांतीनंतर तिनं गावात राह्यले यावं. मळा बटाईनं देऊन टाकू, अर्ध्या पिकावर."

"तुह्या घरात मी काय करू बे?" अंजनाबाई म्हणाल्या. "तुह्या बायकोच्या चुलीपाशी बसून पोळ्या मोजू?"

मी त्या भांडणात पडले नाही. मी खोली बघायला लागले.

खरं सांगायचं तर ती खोली माझ्या डिलिव्हरी रूमपेक्षा स्वच्छ होती. भिंतीला पांढरी माती, दारावर कडुलिंबाचा डहाळा. जमीन शेणानं इतकी गुळगुळीत सारवलेली, की कुठं एक भेग नाही. त्यावर धुतलेलं, उन्हात वाळवलेलं पोतं. ना वास, ना मुंगी, ना गोचीड. आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं, बाळं दगावली की आधी घाण शोधा. मी शोधली. सापडली नाही.

मग बाळासारखीच तपासणी केली. लालीला दूध होतं, सड दाबला की येत होतं. पिल्लांच्या नाळा सुकत होत्या. टाळू फाटलेला नव्हता. पोट फुगलेलं नव्हतं, जुलाब नव्हते. पण अंग गार, आणि तिन्ही पिल्लं तीन दिशांना पडून बारीक रडत होती. भरल्या पोटाचं बाळ असं रडत नाही.

"तराजू आहे?" मी विचारलं.

"भाजीचा हाये."

"चालेल."

शेर-पावशेर जाऊन ग्रॅम-किलो आले होते त्याला फार दिवस झाले नव्हते. अंजनाबाईंकडे नवी वजनं होती, हिशेब मात्र तोंडी पावशेरातच चालायचा. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात पिल्लू. पांढऱ्या ठिपक्यांचं बांडं अडीचशे ग्रॅम, तांबडं अडीचशे, काळं दोनशे दहा. लाली प्रत्येक पिल्लाबरोबर उठून पारड्यात तोंड घालत होती. वसंता हसला. "माय, मिरचीच्या भावानं देतं का?"

संध्याकाळी सेंटरवर डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं लहान, पण डोकं शांत.

"सिस्टर, कुठला थर्मामीटर वापरलात?"

"तडा गेलेल्या केसमधला. स्पिरिटनं पुसलाय, चार वेळा."

"तो आता कुणाच्या तोंडात घालू नका." मग ते खुर्चीत मागे टेकले. "माणसाचं बाळ असतं तर काय केलं असतं?"

"उद्या पुन्हा वजन केलं असतं."

"मग करा. पण डायरीत कोणत्या कॉलमात लिहिणार?"

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच गेले. आदल्या दिवशी दुपारी गेले होते. वेळेतल्या ह्या फरकानंच पुढचं सगळं उलगडलं.

मळ्यात पोचले तर अंजनाबाई हातात सूप घेऊन खोलीबाहेर उभ्या. सुपात दोनच पिल्लं.

"बांडं गेलं का?"

"गेलं नाई, पळवलं. हे रांड रोज एक उचलते अन् नहानीतल्या चुलीच्या राखेत नेऊन ठेवते. मी आनते, ते नेते. आज मी पहाटपासून पाटाचं पानी लावून राह्यली होती, तवा नेलं. आता पाहा, राखेनं भरलं कसं!"

नहाणीत आंघोळीचं पाणी तापवायची चूल होती. तिच्या बाजूच्या राखेच्या ढिगात लालीनं खळगा केला होता आणि त्यात बांडं झोपलं होतं. गाढ, आवाज न करता. मी उचललं. हाताला ऊब लागली. थर्मामीटर लावला. पारा चढला, शहाण्णवपर्यंत. माणसाच्या बाळाला हे कमीच. पण चढला. (पुढं चिखलीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की पिल्लं पहिल्या दिवसांत आपल्यापेक्षा थोडी गारच असतात.)

वजन केलं. बांडं दोनशे सत्तर. तांबडं दोनशे चाळीस. काळं एकशे नव्वद.

म्हणजे राखेत लोळणारं वाढलं होतं आणि स्वच्छ पोत्यावरची दोन घटली होती. मी नहाणीतून खोलीत गेले, खोलीतून नहाणीत आले. असं दोनदा केलं. अंजनाबाईंना वाटलं असावं, बाईचं काहीतरी हरवलं.

मग मी पोतं उचललं आणि खालच्या जमिनीवर तळहात टेकला. ओली. बर्फ नव्हे, पण पौषातल्या सकाळी विहिरीच्या दगडाला हात लावावा तशी. पोत्याची खालची बाजूही दमट.

"सारवलं कधी?"

"आत्ता. तुमी याच्या आंधी."

"रोज सारवता?"

"दोन टाइम. सकाळी अन् दिवेलागनीले. पिल्लं सुपात ठेवते, सारवते, पोतं टाकते, मंग पिल्लं परत."

"दोन वेळा कशाला हो?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला आधीच कळलं काय येणार ते.

"तुमीच तं सांगतलं होतं. पोरसाली, देवळापाशी. बायाइले सांगत होत्या ना, बाळंतिनीची जागा रोज साफ ठेवा म्हनून? मी बी होती तिथं. म्हनलं, बायाइले लागते तं लालीले बी लागन. मी रोजचं काय, दोनदा करून राह्यली."

सभा मला आठवत होती. वाक्यही माझंच होतं. आणि मागच्या हिवाळ्यातलं वेत त्या सभेनंतरचंच होतं.

ह्यामागचं कारण सोपं आहे. माठातलं पाणी गार का राहतं? माठ पाझरतो आणि ते पाणी वाळताना ऊब घेऊन जातं. ओली सारवलेली जमीन वाळताना तेच करते. त्यावर बसणाऱ्या मोठ्या माणसाला काही होत नाही. पण नवजात पिल्लाला थरथरून स्वतःचं अंग तापवता येत नाही. पोट जमिनीला लावून ते पडून राहतं. गार पडलं की चोखत नाही. चोखलं नाही की आणखी गार पडतं. लालीला हे माहीत होतं. ती रोज एक पिल्लू उचलून कोरड्या, उबदार जागी नेत होती आणि आम्ही दोन शहाण्या बाया, एक सांगणारी आणि एक करणारी, ते रोज ओल्यात आणून ठेवत होतो.

"आता?" अंजनाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात काळं होतं. दुसऱ्या हातानं त्या वातीनं त्याला शेळीचं दूध पाजायला निघाल्या होत्या.

"दूध नको. गार पोटात दूध पचत नाही. आधी गरम करायचं, मग पाजायचं. पोटाशी धरा."

त्यांनी काळं ओच्यात घातलं आणि वरून लुगडं घट्ट खोवलं. तांबडं मी पदरात घेतलं. आम्ही दोघी तशाच कामाला लागलो.

पिल्लं राखेत ठेवायला मी तयार नव्हते. राखेत निखारा राहिला तर? धूर नाकातोंडात गेला तर? आणि नहाणीत कुत्रीचं बाळंतपण अंजनाबाईंनाही चालणार नव्हतं. खोलीत शेगडी पेटवून दार लावून घ्यायचं, हेही मी बाळंतिणींच्या घरी बंद करत आले होते. शेवटी गावातून आलेल्या वसंतानं मळ्यातली एक जुनी फळी चार विटांवर टाकली. फळीवर कोरड्या राखेचा जाड थर, त्यावर दुमडून कोरडं पोतं, कडा आत खोचलेल्या. म्हणजे पिल्लू घडीत शिरून गुदमरणार नाही. पुढच्या बाजूला विटांचा बुटका काठ. मागे भिंतीपासून चार बोटं सोडून एक बांबू आडवा बांधला. कुत्री भिंतीला टेकून पडली तरी मधल्या जागेत सापडलेलं पिल्लू चेंगरत नाही. एका टोकाला सलाइनच्या रिकाम्या बाटलीत गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून, फडक्यात गुंडाळून ठेवली. ही युक्ती आम्ही अपुऱ्या दिवसांच्या बाळांना वापरतो. बाटली एकाच टोकाला ठेवायची. पिल्लाला जास्त गरम झालं तर सरकून दूर जाता आलं पाहिजे.

"अन् सारवन?" अंजनाबाईंनी विचारलं.

"महिनाभर बंद."

"महिनाभर! लोक काय म्हनतीन?"

"लोक कुत्रीच्या खोलीत येतात का?"

"तुमी नाई आल्या?"

पोती दोन. एक खाली, एक उन्हात. घाण झालेलं रोज काढायचं, ओली राख बदलायची, फळी पिळलेल्या फडक्यानं पुसायची, कोरडी झाल्याशिवाय पिल्लू ठेवायचं नाही. फिनाइल नाही, पावडर नाही, कारण पिल्लू आईचं अंग चोखतं आणि आई पिल्लाला चाटते. हे सगळं मी दोनदा सांगितलं आणि या वेळी त्यांच्याकडून म्हणवूनही घेतलं.

लालीनं फळी हुंगली, राख हुंगली, बांड्याला तोंडात धरून वर ठेवलं आणि पडली. बाकीची दोन आम्ही तिच्या पोटाशी लावली.

काळं त्याच दुपारी गेलं. उशीर झाला होता. अंजनाबाईंनी ते बांधापलीकडे नेऊन पुरलं आणि परत येऊन तराजू पुढं ठेवला. "बाकीचे मोजा."

चार दिवसांनी बांडं साडेतीनशेच्या पुढं गेलं, तांबडं तीनशेला पोचलं. अकराव्या दिवशी बांड्याचे डोळे उघडले. वसंता आला आणि फळीपाशी उकिडवा बसला. संक्रांतीचा विषय त्यानं काढला नाही. आईनंच काढला. "संक्रांतीले तूच ये इकडं. बायकोले घेऊन ये. वांगे भरपूर हायेत."

माझं काम मात्र संपलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी माझ्या डायरीतल्या बाळंतिणींच्या घरी पुन्हा गेले. प्रत्येकीच्या नावापुढं मीच लिहिलेलं होतं: खोली स्वच्छ. ज्यांच्याकडे बाज होती तिथं प्रश्न नव्हता, बाळ जमिनीपासून वर होतं. बाज नव्हती तिथं मी गोधडी उचलून खाली हात घातला. दोन घरी ओलं लागलं. एका घरी बाळाचे पाय गार होते. त्याची आई अभिमानानं म्हणाली, "रोज सारवते, बाई, तुमी सांगतलं तसं." ते बाळ मी तिच्या उघड्या छातीशी दिलं, वरून गोधडी घातली आणि पाय उबदार होईपर्यंत उठले नाही.

तेव्हापासून "स्वच्छ ठेवता का?" हा प्रश्न मी विचारत नाही. त्याला सगळे हो म्हणतात आणि खरंच सांगतात. "कसं ठेवता, करून दाखवा," असं म्हणते. आणि हात लावून बघते. पुढं बुलढाण्याहून इन्स्पेक्शनला आलेल्या मॅडमनी माझी डायरी चाळली.

"हे काय, 'हात लावून पाहिलं, कोरडी'? अशी काही पद्धत आहे का?"

"आहे, मॅडम."

"कुठल्या ट्रेनिंगला शिकलात?"

"मळ्यात," मी म्हटलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

तांबडं वसंतानं गावात नेलं. बांडी मळ्यातच राहिली. ती कुत्री निघाली. पुढच्या हिवाळ्यात त्या बाजूला व्हिजिट होती म्हणून मी मळ्याकडे वळले. बांधावर पाय ठेवला आणि ती समोर येऊन उभी राहिली. भुंकली नाही. नुसते दात दाखवले. मी तिला तराजूत घालून मोजलं होतं, राखेतून उचलून हातात घेतलं होतं, पण तिला त्याचं काही नव्हतं. मी एक पाऊल टाकलं. तिनं दोन टाकली.

अंजनाबाई वांग्यांतून उठल्या आणि कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या.

"हिला आवरा की हो!" मी ओरडले.

"थांबा ना जराक," त्या म्हणाल्या. "पाहून राह्यली मी. कामाची हाये."