जावयाची वॉरंटी

तापीकाठच्या प्रकाशा गावात कुणाचा पंखा बंद पडला, तर माणूस वायरमनकडे नंतर जायचा, आधी रतिलालच्या ओट्यावर यायचा. रतिलालला पंख्यातलं काही कळत नव्हतं. तो फक्त कधी घेतला ते विचारायचा, "कव्हय लिधा? खोकं शे का?" गॅरंटीच्या कागदासकट खोकं आहे म्हटलं की त्याचे डोळे चमकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं पंखा, पंख्याचा मालक आणि रतिलाल असे तिघं शहाद्याला निघायचे आणि संध्याकाळी नवा पंखा घेऊन यायचे. शहाद्याचे दुकानदार त्याला लांबून येताना बघूनच चहा सांगत, म्हणजे निदान आवाज तरी हळू राहील.

भांडकुदळ म्हणावा तर तो तसा नव्हता. पपईचं आणि केळीचं रान, घरी बायको जमनाबाई, आणि लग्न होऊन नंदुरबारला गेलेली एकुलती लेक चारुलता. वाटणीच्या वेळी भावानं बांध कोरला, तेव्हा रतिलालनं हसून सोडून दिलं. पण दुकानदाराचा एक नटबोल्ट त्यानं कधी सोडला नाही. माणसानं माणसाला फसवलं तर ते देव बघून घेईल, पण गॅरंटी देऊन फसवलं तर ते आपणच बघायचं, असा त्याचा साधा हिशेब होता.

भिला नावाच्या शेजाऱ्याचा फवारणीचा पंप पहिल्याच हंगामात गळायला लागला, तेव्हाची गोष्ट तर गावाला पाठ होती. दुकानदारानं पंप उलटासुलटा केला, भिलाच्या फाटक्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाला, "पंप चांगला शे. याले वापरता नही येत." जन्म फवारणीत गेलेला भिला मान खाली घालून निघालाच होता. रतिलालनं त्याला दंडाला धरून थांबवलं आणि दुकानाबाहेर ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "इकाना टाइमले आम्ही शाना, आन बिघडनं का आम्ही येडा?" दुकानातली गिऱ्हाइकं हसली, दुकानदार ओशाळला आणि पंप बदलून मिळाला. भिला ते वाक्य पुढं लग्नात, मौतीला, जिथं चार माणसं जमतील तिथं सांगायचा आणि प्रत्येक वेळी नव्यानं खूश व्हायचा.

असा हा माणूस. आणि त्याला जावई मिळाला तो जुन्या गाड्या विकणारा.

हेमकांतचा नंदुरबारला रस्त्यालगत गाडी बाजार होता. पांढराशुभ्र शर्ट, गोड बोलणं, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'मामा'. जमनाबाईच्या कमरेचा मणका सरकला आणि दर महिन्याला नंदुरबारच्या डॉक्टरकडे न्यायची वेळ आली. बसच्या धक्क्यांनी ती रडकुंडीला यायची. मोटरसायकलवर बसण्याचा तर प्रश्नच नव्हता. मग चारचाकी घ्यायचं ठरलं, जुनी का होईना. आता जावयाचा बाजार असताना सासऱ्यानं दुसऱ्याच्या दारात गाडी बघायला जाणं म्हणजे जावयाच्या तोंडात मारल्यासारखंच झालं असतं. तेव्हा गाडी कुठून घ्यायची हा प्रश्न सुटलेलाच होता.

दसऱ्याच्या दिवशी पांढरी गाडी झेंडूचा हार घालून उभी होती. हेमकांत म्हणाला, "मामा, घरनी गाडी समजा. तरी बी हाई कार्ड ल्या. साल भरनी वॉरंटी, इंजिनले, गिअरले, बठ्ठाले. काही बी झायं ते हक्कानी आना." शिक्का मारलेलं कार्ड त्यानं सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी दिलं. शेजारी चारुलता उभी होती, नवऱ्याकडे बघून हसत होती. पंख्याचं पातंसुद्धा वाजवून घेणाऱ्या रतिलालनं त्या दिवशी गाडीचं बोनेट उघडून बघितलं नाही. लेकीच्या देखत जावयाच्या मालाची परीक्षा कशी करायची? त्यानं नारळ फोडला, जावयाला टॉवेल-टोपी दिली आणि गाडी घेऊन आला.

दिवाळी झाली आणि तापीच्या पुलावर गाडीनं पहिल्यांदा वाफ सोडली. आत जमनाबाई कण्हत होती, पुढून बोनेटमधून धूर निघत होता. रतिलालनं गाडी हेमकांतकडे नेली. पण जावयाच्या दारात हात हलवत कसं जायचं? म्हणून डिकीत पपईचे दोन क्रेट आणि घरचं तूप. हेमकांतनं गाडी आठवडाभर ठेवून घेतली, धुऊनपुसून परत दिली आणि म्हणाला, "आते देखा, मामा." ती पुन्हा तापली. पुन्हा क्रेट, पुन्हा तूप, पुन्हा आठवडा, पुन्हा "आते देखा". गाडी आतून दुरुस्त होत नव्हती, नुसती धुतली जात होती, हे रतिलालला कळत होतं. दुसरा कुणी दुकानदार असता तर रतिलालनं त्याच्या दुकानासमोर पाल ठोकलं असतं. इथं मात्र तो तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होता.

त्यात चारुलताचा फोन आला, दबक्या आवाजात. "नाना, गाडीनं नाव नका काढा आते. काही बी झायं का घरमा मालेच आयकनं पडस." रतिलालनं बरं म्हटलं. पण चैत्रात भर उन्हात गाडी चौथ्यांदा बंद पडली, जमनाबाईला रस्त्याकडेच्या बाभळीखाली तासभर आडवं पडावं लागलं, आणि त्याचा जुना स्वभाव उसळून वर आला. त्या दिवशी त्यानं क्रेट नेले नाहीत. तो सरळ बाजारात शिरला आणि चार गिऱ्हाइकं बसलेली असताना ते शिक्क्याचं कार्ड टेबलावर ठेवलं.

"हेमकांतराव, हाई तुमनी वॉरंटी. गाडी दुरुस्त करी द्या, नही ते नही म्हना."

हेमकांतचा आवाज जराही चढला नाही. "ठेवी द्या, मामा," एवढंच तो म्हणाला. गिऱ्हाइकांपैकी दोघं उठून गेले. गाडी दहा दिवसांनी परत आली, यावेळी न धुता.

मग अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. खानदेशात लेकी माहेरी येतात त्या अखाजीला, बाकीचे सण नंतर. जमनाबाईनं कमरेला पट्टा बांधून सांजोऱ्या केल्या, अंगणातल्या लिंबाला झोका बांधून घेतला. रतिलाल गाडीत पाणी भरून, वाटेत दोनदा थांबून, चारुलताला आणायला नंदुरबारला पोचला. दारात विहीणबाई उभ्या होत्या, कौसाबाई. त्यांनी व्याह्याला बसा म्हटलं नाही.

"याही, तुमनी गाडी ते खराब शे. चार गिऱ्हाइकसमोर तुम्हीनच सांगं. मंग खराब गाडीमा आमनी सून आम्ही कशी धाडानी?"

दाराच्या आत चारुलताची बॅग भरून ठेवलेली दिसत होती. चारुलता दिसत नव्हती. रतिलालजवळ उत्तर होतं, चांगलं खणखणीत होतं, पण ते दिलं असतं तर त्याचा मार आत उभ्या असलेल्या पोरीच्या पाठीवर बसला असता. त्यानं हात जोडले, सांजोऱ्यांचा डबा उंबऱ्यावर ठेवला आणि मागची सीट रिकामी घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशी जमनाबाईनं झोका सोडला आणि मग लेकीसाठी कळवळून म्हणाली, "आते परत तोंड उघाडं ते मन्ही आंडेर माले दिसाव नही. गाडीले काय जाळनं शे?"

रतिलालनं तोंड मिटलं.

पुढं त्यानं गाडी शहाद्याच्या बाहेर करणसिंगच्या गॅरेजला नेली, जावयाच्या कानावर जाऊ नये म्हणून. करणसिंगनं इंजिनचं डोकं उतरवलं, बोटानं आतली पांढरट खरड काढून दाखवली. इंजिनातलं पाणी अडवणारी गॅस्केट आधीपासून गेलेली होती. गळती दाबायला कुणीतरी आत पावडर ओतली होती, गाडी विकली जाईपर्यंत टिकेल एवढीच.

"वॉरंटी शे म्हनतस ना? मंग आठे काबर आनी?" त्यानं विचारलं.

रतिलालनं कुणाकडून घेतली ते सांगितलं. करणसिंग मोठ्यानं हसला. "म्हंजे अवघड जागी दुखनं आन जवाई डाक्टर!" गॅरेजमधले बाकीचेही हसले. रतिलाल हसला नाही. इतके दिवस त्याला वाटत होतं की जावई आळशी आहे, कामचुकार आहे. आता कळलं की त्यानं हार घालून, पाया पडून, बायकोच्या बापाला जाणूनबुजून फसवलं होतं. राग तर आलाच, पण त्याहून जास्त लाज वाटली, आणि ती कुणाची वाटत होती ते त्याला सांगता आलं नसतं.

भादव्यात भिला ओट्यावर आला. दुसऱ्यांच्या पपया भाड्याच्या गाडीतून वाहून त्याचं कंबरडं मोडलं होतं. आता स्वतःची जुनी पिकअप घ्यायची होती. "रतिलालभाऊ, तुमना जवाईना आठे एक देखी उनू. तुमनी गाडी कशी शे?"

जमनाबाई दारात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. लिंबाखाली गाडी उभी होती. गॅस्केट बदलूनही तिचा खोकला गेला नव्हता. भिलानं ती स्वतः दोनदा ढकलली होती. तरी तो विचारत होता, कारण गाडीपेक्षा त्याचा रतिलालच्या जिभेवर विश्वास होता. एकदा भाऊनं चांगली म्हटली की ती चांगली.

"चांगली शे," रतिलाल म्हणाला. "घरना माणूस शे."

आठवड्याभरात भिलानं ती पिकअप घेतली आणि हेमकांतचा फोन आला, पूर्वीसारखा मधाळ. "मामा, तुमनामुळे गिऱ्हाइक उनं. दिवाळीले चारूले धाडस, चार दिन ऱ्हाऊ द्या." जमनाबाईनं देवापुढं साखर ठेवली. रतिलालनं ती साखर तोंडात घातली आणि ती त्याला कडू लागली. लेक कशाच्या बदल्यात घरी येणार आहे, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. दसऱ्याला त्या शिक्क्याच्या कार्डाची मुदतही संपून गेली.

दिवाळीत चारुलता आली. वर्षभरात तिचा चेहरा उतरला होता, पण दोन दिवसांत ती हसायला लागली, आईच्या कमरेला तेल लावू लागली. पाडव्याच्या सकाळी भिला आला. अंगावर नवं काही नव्हतं. अक्कलकुव्याच्या पुढं चढावर पिकअपचं इंजिन बसलं होतं, आणि भरलेल्या पपया तिथंच रस्त्याकडेला सडल्या होत्या.

"तुमना जवाई म्हनतस, माल जास्त भरा. देवानी आन भाऊ, जास्त नव्हता भरेल." त्यानं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. तसंच कार्ड, तोच शिक्का. "चाला ना मन्हासंगे. तुम्ही काही नका बोला, नुसता उभा ऱ्हा. तुमले ते नही म्हनाव नही."

चारुलता चहाचा कप घेऊन बाहेर आली होती. तिनं कप भिलापुढं ठेवला आणि तिथंच चौकटीला टेकून उभी राहिली. रतिलालनं तिच्याकडे बघितलं नाही. त्याला उंबऱ्याआड ठेवलेली भरलेली बॅग दिसत होती आणि बसाही न म्हणणारी विहीण दिसत होती. पुढची अखाजी अजून यायची होती.

"भिला," तो म्हणाला, "गाडी चांगली शे. तुलेच चालाडता नही येत."

भिलानं वर बघितलं. या वाक्यावरचं उत्तर काय असतं, ते दोघांनाही पाठ होतं. चार लोकांत शंभरदा सांगून भिलाच्या जिभेवर ते गुळगुळीत झालं होतं. रतिलालला वाटलं, म्हणावं यानं, एकदाच म्हणावं, म्हणजे मीही उठेन आणि पायात चपला घालीन. पण भिलानं कार्ड पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, "येस, बाई" म्हणून चारुलताचा निरोप घेतला आणि ओट्यावरून उतरून गेला. चहा तसाच राहिला.

चारुलतानं तो गार होत चाललेला कप उचलला.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही अगदी त्यासनासारखं बोलनात." आवाजात राग नव्हता. नवऱ्याबद्दल ती कधी रागानं बोलतच नसे. ती आत निघून गेली, आणि भाऊबीजेनंतर हेमकांत न्यायला आला तेव्हा बापाशी फारसं न बोलता गाडीत बसली.

भिलानं पिकअप भंगारात घातली. तो पुन्हा दुसऱ्यांच्या पपया वाहतो. रतिलालच्या ओट्यावर आता कुणी पंखा घेऊन येत नाही. त्याला कुणी वाईट बोललेलं नाही, रस्त्यात भेटला की रामराम होतो.

परवा सकाळी शहाद्याच्या बससाठी रतिलाल फाट्यावर उभा होता, गाडी पुन्हा बंद होती म्हणून. तिथं भिला होता, हातात पिशवी, पिशवीत बायकोचा बिघडलेला मिक्सर. बस आली. भिला पिशवी सांभाळत चढला आणि खिडकीकडच्या सीटवर एकटा बसला. रतिलाल त्याच्या मागच्या सीटवर बसला. शहादा येईपर्यंत त्याच्या ओठांवर एकच प्रश्न होता, 'खोकं शे का?' त्यानं तो विचारला नाही. बस थांबल्यावर भिला उतरला आणि पिशवी काखेत धरून दुकानांच्या गल्लीत शिरला, मान खाली घालून.