पाठीला टेकलेली पाठ

मला दमा होता, म्हणून ध्यानाची भीतीच वाटायची. निजामाच्या मोगलाईतले दिवस. नांदूरघाटाजवळच्या आमच्या गावात मठातले बुवा सकाळी आम्हा चार बायकांना ओट्यावर बसवून शिकवायचे, "श्वास आत येतुया, बघा. बाहीर जातुया, बघा. बास." बाकीच्यांचे चेहरे निवळत जायचे. मी मात्र श्वासाकडे पाहिलं की तो अडखळायचा, छातीतून शिट्टी वाजायची. एकदा रडकुंडीला येऊन मी म्हणाले, "बुवा, ज्येच्यापायी माझा जीव जातो, त्येच्याकडंच कावून बघू?"

"मला न्हाई सांगता येत, माय," ते म्हणाले. मी जाणं सोडलं. देवानं अर्धवट छाती देऊन पाठवलं, हा राग मनात धरून बसले.

त्या साली खळ्यावर ज्वारीची उफणणी चालली होती. घरच्यांना भाकरी पोचवून, पाच महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन मी एकटीच परत निघाले. भुसा नाकातोंडात गेला होता. अर्ध्या वाटेत छाती आवळली. लेकीला लिंबाच्या सावलीत ठेवलं आणि तिच्याशेजारी कोसळले. हवा ओढायला जावं तर ती गळ्याशीच अडायची. ओठ बधिर झाले. लेक टाहो फोडत होती आणि तिला उचलायला हात उठेना. मी गेले तर ही इथं एकटी किती वेळ रडत राहील, या विचारानं श्वास आणखीच तुटला.

तेवढ्यात डोक्यावर बांगड्यांची टोपली घेतलेली एक मुसलमान म्हातारी वाटेनं आली. तिनं एकवार पाहिलं, टोपली उतरवली, मला उठवून बसवलं आणि लेकीला मांडीवर घेऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसली.

"बोल नक्को, बेटी. सांस खींच नक्को. मेरी पीठ हिलती सो देख."

तिची पाठ सावकाश फुगायची, सावकाश ओसरायची. स्वतःच्या श्वासाकडे बघायचं नव्हतं, म्हणून थोडा धीर आला. पण मग डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी झटक्यानं उठू लागले. तिनं मागे हात करून माझं मनगट धरलं.

"बाहर जाने दे. अंदर लानेवाला वो है."

माझ्यात झगडायचं बळच उरलं नव्हतं. मी ओढणं सोडलं. होता तेवढा श्वास गेला. पुढं काहीच नाही. ते ‘काहीच नाही’ फार लांबलं. मग तो आला. बारीक, पण न बोलावता आला.

छाती मोकळी झाली तोवर लेक झोपली होती. म्हातारीनं तिला माझ्या ओटीत घातलं. मी विचारलं, "तुमी कुठल्या, खाला?" ती टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली. पुढं बांगड्या भरायला येणाऱ्या प्रत्येकीपाशी मी चौकशी केली. कुणी तिला ओळखलं नाही. तिला कुणी पाठवलं, हे मी ठरवत बसत नाही.

मी मठात परत गेले, बुवांना सारं सांगितलं. त्यांनी त्या न पाहिलेल्या बाईला हात जोडले.

दमा काही गेला नाही. पण आता डोळे मिटले की जाणारा श्वास जाऊ देते आणि पुढचा येईतो त्या रिकाम्या जागेत थांबते. आजवर तो दरवेळी दिला गेला आहे. एक दिवस दिला जाणार नाही. त्या दिवशीही मी त्याला ओढायला धावू नये, एवढंच देवापाशी मागणं आहे.