चेसीला आग न दाखवणारा माणूस

मुनीरचाचा गेल्याचं मला शाळेत कळलं. नववीचा तिसरा तास, फळ्यावर तरफेची आकृती अर्धी काढून झाली होती. फोन चाचींचा होता. त्या एवढंच म्हणाल्या, "आ जा, बेटा." मी खडू ठेवला आणि निघालो... शहाद्याला दोंडाईचा रस्त्यावरच्या त्यांच्या वर्कशॉपचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. दफन आटोपून लोक बाहेर खुर्च्यांवर बसले, तेव्हा आमचे संस्थाचालकही आले. पाच मिनिटं बसले. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून, शेजारच्या चारजणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माणूस भला होता. शेवटी शेवटी हात कच्चा पडला होता, एवढंच." या गोष्टीला आता तेरा आठवडे झाले. तो हात मला अजून खांद्यावर जाणवतो. हा लेख त्या वाक्याला उत्तर म्हणून लिहितो आहे. संस्थाचालकांचं नाव मी लिहिणार नाही. ते पेपरची ही पुरवणी वाचतात, त्यांना कळेल.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. शहाद्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पण राहायला जागा नव्हती. वडिलांची आणि मुनीरचाचांची ओळख उसाच्या ट्रॉलीची, मोडलेली ट्रॉली चाचा जोडून द्यायचे. त्यांनी वर्कशॉपच्या वरचा माळा झाडून दिला, लोखंडी अँगलचं एक टेबल करून दिलं आणि म्हणाले, "हाई टेबल हालनं तर माले सांग. तू नापास व्हयना तर मात्र टेबलनं नाव सांगू नको." ते माझ्याशी अहिराणी बोलायचे, चाचींशी हिंदी, आणि मला नावानं कधीच हाक मारत नसत. पहिल्या वर्षापासून मी त्यांच्यासाठी "बी.एस्सी."च होतो. त्या टेबलावर अभ्यास करून मी पदवी घेतली, पुढे बी.एड. केलं आणि त्याच गावात शिक्षणसेवक म्हणून लागलो. माळा मात्र सोडला नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी संस्थाचालकांची जीप वर्कशॉपात आली. संस्थेची एक शाळा सातपुड्यात, धडगावच्या पुढे आहे. पावसाळ्यात त्या घाटात गाड्या रुततात, म्हणून त्यांना पुढच्या बाजूला दोर गुंडाळून गाडी ओढणारी विंच हवी होती आणि विंच धरून ठेवणारा दणकट बंपर. तयार बंपर चाचांना पसंत नव्हता. त्यांनी उसाच्या मोडीत निघालेल्या ट्रॉलीचा आडवा चॅनल काढला, कापला आणि त्याला दोन बाजूंना कानांसारख्या जाड प्लेटा जोडल्या. या प्लेटा चेसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, दोन टोकांवर बसवायच्या. त्यांची स्वतःची जीपही त्याच बनावटीची होती, म्हणून पहिली भोकं त्यांनी आपल्याच गाडीच्या चेसीला पाडून माप पक्कं केलं. मोजमापाचं चित्र मी माझ्या जुन्या प्रयोगवहीच्या शेवटच्या पानावर काढलं. एका बाजूला चार, दोन्ही मिळून आठ बोल्ट. चेसी आतून पोकळ असते, बोल्ट आवळताना ती दबू नये म्हणून प्रत्येक भोकात पाइपचा तुकडा. एवढा खटाटोप पाहून मी विचारलं, "चाचा, वेल्डिंगनं तासाभरात चिकटेल की."

"चेसीले आग दखाडानी नई, बी.एस्सी. आग लागनी का तठे लोखंड कडक व्हस. आन कडक लोखंड वाकत नई, तुटस. मन्हा सासराबी तसाच व्हता."

आतून चाचींचा आवाज आला, "सब सुन रही हूँ मैं."

काम संपलं की चाचांची एक रीत होती. पान्ह्याच्या टोकानं प्रत्येक नटावर ठोका मारायचा आणि कान जवळ नेऊन ऐकायचं. आवळलेला नट स्वच्छ वाजतो, ढिला बद्द वाजतो. गाडी नेणाऱ्यानंही ठोकून ऐकल्याशिवाय ते किल्ली देत नसत. संस्थाचालकांपुढे त्यांनी पान्हा धरला, "सायब, ठोकी देखा." ते हसले. "मी काय मिस्तरी आहे?" शेवटी त्यांच्या ड्रायव्हरनं, गणपत पावरानं, वाकून आठही नट ठोकले. सगळे स्वच्छ वाजले. मी तिथं होतो.

वर्षभरानं संस्थाचालकांना बंपर चार बोटं वर हवासा वाटला. पुढे मोठे दिवे बसवायचे होते. चाचांनी सांगितलं, नवी भोकं पाडावी लागतील, दोन दिवस गाडी ठेवा. त्यांना दोन दिवस नव्हते. पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कळलं ते एवढंच, की घाटात एक टेम्पो ओढताना बंपर उखडला, विंचचा दोर उसळून गणपतच्या मांडीवर बसला आणि हाड मोडलं. संस्थाचालकांनी गावभर सांगितलं, मुनीरचं काम कच्चं निघालं. चाचांनी एकच मागणी केली, "तो बंपर माले एकदाव दखाडा." उत्तर आलं, फेकून दिला.

आणि आता जे लिहायचं आहे, त्यासाठी मला बरेच दिवस लागले... शाळेसमोरच्या हॉटेलात संस्थाचालक चहा घेत बसले होते. मला पाहून त्यांनी विचारलं, "काय सर, तुम्ही तर तिथंच राहता. म्हातारा हल्ली घाईत काम करतो ना?" माझं शिक्षणसेवकाचं तिसरं वर्ष चालू होतं. नोकरी कायम करण्याच्या कागदावर त्यांची सही व्हायची होती. मी म्हणालो, "असेल, साहेब." मान वर केली तेव्हा दारात मुनीरचाचा उभे होते. बंपर दाखवा म्हणून पुन्हा एकदा सांगायला आले होते. ते तसेच मागे फिरले.

मी खाली मान घालून वर्कशॉपात गेलो. ते ग्राइंडरचं पातं बदलत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नोकरी पक्की व्हऊ दे, बी.एस्सी. मंग बोल." एवढंच. त्यानंतर गिऱ्हाईक कमी होत गेलं, ते दाराशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसू लागले. मार्चअखेर मला नोकरी कायम झाल्याचं पत्र मिळालं. रविवारी सगळ्यांसमोर बोलू, पुढच्या रविवारी बोलू, असं करत मी तीन रविवार घालवले. एप्रिलात चाचा गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला ते मान्य करावं लागतं.

दफनानंतरच्या पहिल्या सुट्टीत मी गणपतचं घर शोधत डोंगरात गेलो. तो काठी घेऊन चालत होता. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "सर, ते बंपर चाचाच्या बोल्टवर नव्हतं. साहेबांनी बोल्ट काढून रस्त्यावरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून चेसीलाच चिकटवून घेतलं होतं. एका तासात. मी बोललो असतो तर नोकरी जात होती. न बोलता पण गेलीच." बंपर कुणी फेकला नव्हता. गणपतच्या भावांनी तो घाटातून खांद्यावर घरी आणला होता आणि त्याची आई त्यावर कोंबड्यांची टोपली ठेवत होती. टोपली उचलून मी पाहिलं. आठ भोकं चाचांनी पाडली तशीच गोल, एकही ताणलेलं नाही. आणि प्लेटांच्या कडेला वेल्डिंगची जाड गाठ, तिला चिकटून चेसीचा फाटलेला पत्रा. मला रडू आलं नाही. मला आनंद झाला, आणि तो चांगल्या माणसाचा आनंद नव्हता.

बंपर मागून घेऊन मी शहाद्याला आणला, तेव्हा चाचींनी चाचांच्या जीपची किल्ली दिली. "ले जा. खड़ी-खड़ी जंग खा रही है." त्या जीपच्या चेसीला मापासाठी पाडलेली भोकं तशीच होती. ग्रीस भरून ठेवलेली, आत पाइपचे तुकडेही जागेवर. प्रयोगवही समोर ठेवून मी बंपर बसवला. आठही बोल्ट बोटांनी आत सरकले. वर्कशॉपात पडलेली त्यांची जुनी विंच वर बसवली. वेल्डिंगची ती गाठ मी घासून काढली नाही. तिच्याभोवती लाल रंगानं गोल केला. दुसऱ्या दिवसापासून जीप शाळेच्या आवारात, तोंड संस्थाचालकांच्या खिडकीकडे करून उभी करू लागलो. कुणी विचारलं की सांगायचो. शिपायाला सांगितलं, पालकांना सांगितलं, तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यांनाही सांगितलं.

सहाव्या दिवशी मला बोलावणं आलं. "सर, हे काय प्रदर्शन मांडलंय?"

"तुमचाच बंपर आहे, साहेब. ओळखला नाही?"

"काढून टाका."

"पान्हा देतो, तुम्ही काढा. आठच नट आहेत. नाहीतर ज्या हॉटेलात बोललात तिथं बसून खरं काय ते सांगा. मग मी काढतो."

जूनमध्ये शाळा उघडली आणि माझ्या हातात बदलीचा आदेश पडला, डोंगरातल्या शाळेवर. शिक्षा देण्याच्या घाईत त्यांनी मला नेमकं त्याच घाटात पाठवलं. घाईची त्यांना सवयच आहे.

पाऊस लागल्यापासून मी त्या बंपरनं अकरा गाड्या ओढून काढल्या. माझी अट एकच. दोर लावण्याआधी ड्रायव्हरनं वाकून आठ नट ठोकायचे आणि हे काम कुणाचं ते ऐकायचं. परवा एक भाजीचा टेम्पोवाला वैतागला, "सर, आधी ओढा, गोष्ट मागून सांगा." मी म्हटलं, "आधी ठोक." त्यानं ठोकलं, ऐकलं, आणि वर आल्यावर विचारलं, "तो साहेब कोण?" आता घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे तो साहेब कोण.

मन मोठं करा, असं मला सहकारी सांगतात. मला करायचं नाही. या रागात माझाही वाटा आहे. "असेल, साहेब" हे दोन शब्द माझे आहेत आणि ते ऐकलेला माणूस आता माघारी येणार नाही. म्हणूनच मला हा राग विझू द्यायचा नाही.

स्वातंत्र्यदिनाला संस्थाचालक इथे झेंडावंदनाला येणार आहेत. नवी गाडी घेतली आहे म्हणतात, शहरातल्या रस्त्यांची. शाळेच्या अलीकडच्या वळणावर गुडघाभर चिखल आहे आणि गणपत सांगतो, तो दिवाळीपर्यंत हलत नाही. ती गाडी रुतली की मी नक्की जाईन. त्यांना तसंच सोडणार नाही, चाचांनी कुणाला सोडलं नसतं. फक्त पान्हा त्यांच्या हातात देईन.

तोवर रोज सकाळी शाळेत निघण्याआधी मी जीपपुढे उकिडवा बसतो, चाचांच्या पान्ह्यानं एकेक नट ठोकतो आणि कान लावतो... एक, दोन, तीन. आठही स्वच्छ वाजतात.