एक जूनची लेकरं

आमच्या उंद्रीत निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला येतो. यात चमत्कार काही नाही. शाळेत नाव घालायला आलेल्या बाईला तारीख ठाऊक नसायची आणि गुरुजींना शोधायला सवड नसायची. एक जून लिहिलं की पोरगं शाळेच्या वयात नीट बसायचं. माझ्या नावापुढेही तेच आहे. लिहिणारे नारायणराव गुरुजी. तेहतीस वर्षांच्या नोकरीत, मधली बदलीची काही वर्षं सोडली, तर त्यांनी इथे हेच केलं. त्यांची स्वतःची तारीखही त्यांच्या गुरुजींनी अशीच ठोकून दिलेली. त्या खोट्या तारखेच्या हिशेबानंच दोन हजार अकराच्या एकतीस मेला ते निवृत्त झाले.

त्याच हिवाळ्यात त्यांची बायको, आमच्या काकू, वारल्या आणि गुरुजी एकटे पडले. मुलगा पुण्याला. फेब्रुवारीत नातवाच्या वाढदिवसाला गेले, ते डोक्यात खूळ घेऊनच परतले. तिथे म्हणे हॉलभर समुद्र केला होता. निळे पडदे, कागदी मासे, पोरंपोरीसुद्धा निळ्या कपड्यांत. याला थीम म्हणतात, हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं. तीन तास ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते आणि केक खाल्ला का, एवढंही कोणी विचारलं नाही, हे मात्र एकदाच सांगितलं.

"उकंडा," ते म्हणाले, "त्या पोराले आपला जल्मदिवस पाठ हाय बे. अन् आपल्या लेकरायचे मी खाऊन बसलो."

"त्यानं काय बिघडलं, गुरुजी? कापूस काय तारीख पाहून फुटते?"

ते हसले नाहीत. दोन जूनला मुलगा त्यांना कायमचं पुण्याला न्यायला येणार होता. त्याच्या आदल्या दिवशी ओसरीवर समुद्र करायचा, शाळेतल्या छत्तीस लेकरांचा एकच वाढदिवस करायचा आणि प्रत्येकाच्या हातात त्याची खरी तारीख द्यायची, एवढंच त्यांना हवं होतं.

मे महिन्याच्या उन्हात डोक्याला रुमाल बांधून ते घरोघर फिरले. आयांना तारीख नाही, पण दिवस पक्का आठवायचा. "गावात पह्यलं बीटी पेरलं ना, त्या साली, नागपंचमीले," असं एकीनं सांगितलं. अलीजाची आई शाहीन म्हणाली, "बकरी ईदच्या आदल्या रोजी." मग गुरुजी जुनी पंचांगं काढायचे, फकीर मोहम्मद चाचांकडची जुनी उर्दू कॅलेंडरं आणायचे आणि तारीख हुडकायचे. माझ्याकडे माशांसाठी कागद जमवायचं काम. गेल्या सालची बियाण्याची रिकामी पाकिटं मी गोळा केली. बाहेरून बोंडाचं चित्र, आतून चांदीसारखी. गुरुजींनी कात्रीनं मासे कापले आणि चंदेरी बाजूला एकेकाचं नाव, खाली तारीख लिहिली. काकूंची निळी साडी बांधली की झाला समुद्र. आमच्यापैकी कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे चुका काढणारंही कोणी नव्हतं.

एकतीस तारखेला संध्याकाळी बातमी आली. कापसाच्या ज्या वाणासाठी सगळे जीव टाकत होते, त्याचा माल सकाळी चिखलीत उतरणार. माणशी दोन पाकिटं. गेल्या सालच्या कापसानं वेचणीची मजुरीही सुटली नव्हती. तरी यंदा हेच एक बियाणं आपल्याला तारील, असं प्रत्येकाला वाटत होतं. मलाही. माणशी म्हणजे लेकरूही माणूसच, असं कोणीतरी म्हणालं आणि गावानं ते लगेच मानलं.

उजाडता उजाडता बायको भिमा आणि आमची पोरं प्रज्वल, प्रतीक्षा यांना घेऊन मी निघालो. गुरुजी ओसरी झाडत होते.

"दुपारपावतर येतो, गुरुजी. समद्याले घेऊन येतो."

"या," ते म्हणाले. "मी सरबत करून ठेवतो."

चिखलीच्या दुकानासमोर पाहतो तर रांगेत निळे शर्ट, निळे फ्रॉक. आयांनी पोरांना वाढदिवसाचे कपडे घालूनच आणलं होतं, म्हणजे परस्पर गुरुजींकडे जाता येईल. दुपार झाली, रांग हलेना. प्रतीक्षा चारदा म्हणाली, "बाबा, मासे?" पाचव्यांदा मी तिच्यावर खेकसलो. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. माल संपत आला म्हणून चौघांत मिळून दोनच पाकिटं मिळाली, तेव्हा दिवस कलला होता.

गावात आलो तेव्हा पोरं खांद्यावर झोपली होती. भिमा त्यांना घेऊन घरी गेली. गुरुजी साडीखाली एकटेच बसले होते. छत्तीस ग्लास भरलेले. वाऱ्यानं मासे हलत होते.

"बियाणं भेटलं काय?" त्यांनी विचारलं.

मी दोन पाकिटं दाखवली. त्यांनी उठून एकेक मासा सोडवला, पिशवीत भरला आणि पिशवी माझ्या हातात दिली. "मी सकाळी चाललो. वाटून देजो." वर सदतिसावा मासा ठेवला. उकंडराव, आठ सप्टेंबर एकोणीसशे बहात्तर.

"तुह्या मायनं सांगतलं होतं मले. दुष्काळाच्या साली, पोळ्याच्या करीले. माह्या नोकरीतलं पह्यलं नाव होतं तुहं. आयकलं, अन् एक जून लिहून मोकळा झालो."

माझी माय जाऊन बारा वर्षं झाली होती. तिला माझा दिवस ठाऊक होता, हेच मला ठाऊक नव्हतं. ओसरीवर बसून मी पोरासारखा रडलो. मग म्हणालो, "अन् तुमचा मासा?"

"मी तिसरीत होतो तवा माय गेली. इचारलंच नाही कधी."

दुसऱ्या दिवशी मी मासे वाटले. काही घरांत ते अजून देवाजवळ आहेत.

आठ सप्टेंबरला सकाळीच पुण्याहून फोन. "उकंडा, चाळीस झाले बे तुले आज!" त्या वर्षी छत्तीस लेकरांच्या घरी त्या त्या दिवशी असाच फोन गेला. एकही चुकला नाही.

पुढच्या एक जूनला मी पुन्हा रांगेत होतो, गावची लेकरंही होती. राहवेना म्हणून त्यांना फोन लावला. "गुरुजी, वाढदिवसाच्या शुभेच्छा."

"आज कुठी बे? ते तं खोटं हाय."

"मंग कोन्या दिवशी लावू?"

माझ्या मागचा गलका त्यांना ऐकू गेला असावा.

"रांग मोठी हाय काय रे?" त्यांनी विचारलं. "सांग ना. कोन कोन उभं हाय?"

मी पुढून एकेका लेकराचं नाव सांगू लागलो. प्रत्येक नावाला ते तारीख सांगत गेले.