सव्वा मीटर

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी साताऱ्यात, माझ्या शेजाऱ्यांच्या ऑफिसात, एक फळा रंगवून झाला. ठरलेली मजुरी चोवीस रुपये, दिले बावीस. हजर तिघे : शेजारी, रंगारी आणि मी. शेजारी म्हणजे विद्यापीठाचे क्रीडा संचालक. त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. फळ्यावर त्यांच्या कारकिर्दीतली अकरा विजेतेपदं अकरा ओळींत लिहिली होती आणि बारावी ओळ ‘विक्रम’ एवढा एकच शब्द लिहून पुढे कोरी ठेवली होती. ओळीला दोन रुपये, म्हणून दोन रुपये राखून ठेवले. “ती वळ भरली की माझ्या खिशातनं दीन,” सर म्हणाले. रंगाऱ्याने ब्रश पुसत सांगितलं, “लवकर भरा सर, रंग म्हागतुया.”

सरांबद्दल माझं पक्कं मत आहे, की बसलेल्या माणसावर त्यांनी जन्मात कधी विश्वास ठेवला नाही. त्यांच्या ऑफिसात टेबल होतं, खुर्ची नव्हती. ना स्वतःला, ना येणाऱ्याला. विद्यापीठातून साहेब मंडळी आली तर मैदानाला चालत फेऱ्या मारतच बैठक होई आणि तिसऱ्या फेरीला बहुतेक सगळे ठराव मंजूर होत. सगळी अंतरं ते मैदानाच्या फेऱ्यांत सांगत. चारशे मीटरची एक फेरी. मंडई पाच फेऱ्या, एस.टी. स्टँड आठ, सांगली तीनशे. एकदा स्टँडवर वेळेआधी एक मिनिट गाडी हलली तेव्हा त्यांनी शिट्टी फुंकून ती थांबवली आणि ड्रायव्हरला सांगितलं, “चुकीची सुरुवात. मागं घ्या.” त्याने घेतली. मैदानावर रेघा मारायची पांढरी फक्की त्यांच्या खिशात, नखांत, भुवयांत कायम असे. वहिनी म्हणत, “भावजी, ह्यांचं धुणं मी धूत न्हाई, चाळते.” मी हिशेबखात्यातला, म्हणून सरांनी मला वेळ नोंदवणारा पंच करून टाकलं. कारण विचारलं तर म्हणाले, “आवं, तुमच्या अंगठ्याला भावना न्हाई. घड्याळाला तसलाच अंगठा लागतुया.” मला ते तेव्हा कौतुक वाटलं.

एकोणीस वर्षं त्यांनी नोकरी केली. हर्डल्स एस.टी.च्या टपावर बांधून नेले, चार कॉलेजांच्या मैदानांवरचे दगड मुलांबरोबर स्वतः वेचले. मुलींचा संघ तर त्यांनी घरोघर फिरून उभा केला. वडूजकडच्या सुमनच्या घरी ते सहा वेळा गेले. वडील पलटणीतून पेन्शनीत आलेले, शब्दाला कडक. म्हणाले, “पोरगी पळाया लागली तर पळत कुटं जाईल, ह्येचा भरवसा कोन देनार?” सर म्हणाले, “मी देतो. मैदान गोल असतंय. किती बी पळाली तरी परत हितंच येतीया.” त्यावर वडील बराच वेळ हसले आणि हो म्हणाले.

ह्या सुमनवर सरांची बारावी ओळ अवलंबून होती. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात राज्यातल्या विद्यापीठांच्या स्पर्धा सांगलीत भरल्या. यजमान आमचंच विद्यापीठ, म्हणून मैदान आखायचं काम सरांकडे होतं. मार्चमध्ये सर निवृत्त होणार होते. आठशे मीटरचा मुलींचा विक्रम दोन मिनिटं एकवीस पूर्णांक चार दशांश सेकंदांचा होता. तो मोडला तर सरांची ओळ भरणार आणि सुमनला राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं येणार. एरवी सर उभ्याने जेवत, ते स्पर्धेआधीचे आठ दिवस चालत जेवू लागले.

मैदानाला आतल्या बाजूने कड लागते. विटांची कड असली, की पळणारा ठेच लागू नये म्हणून तिच्यापासून जरा लांब पळतो. नुसती फक्कीची रेघ असली, की रेघेला चिकटून पळतो. म्हणून विटा असतील तर फेरीचं अंतर कडेपासून तीस सेंटिमीटरवर मोजायचं आणि रेघ असेल तर वीसवर. ‘विटंला तीस, रेघंला वीस’ हे सर मुलांकडून पाढ्यासारखं म्हणवून घेत. सांगलीत मैदानालगत वसतिगृहाचं बांधकाम चालू होतं. तिथल्या मुकादमाकडून आम्ही तीन दिवसांच्या बोलीवर सतराशे सत्तर विटा आणल्या. मी मोजून घेतल्या. सरांनी तीसच्या हिशेबाने मैदान आखलं आणि विटा लावल्या.

स्पर्धेच्या सकाळी सर मुख्य पंचांना आणायला मिरज स्टेशनवर गेले आणि मुकादमाने विटा उचलल्या. मी अडवलं, पण गवंडी माझ्याकडे बघेनात. सर परत आले तेव्हा मैदानाभोवती विटांचे नुसते ठसे होते. सर तरातरा बांधकामावर गेले. मुकादम हात जोडून म्हणाला, “सर, तुमची पोरं पळत्यात, माझं गवंडी बसल्यात. बसल्याली मानसं तुमास्नी खपत न्हाईत म्हनं!” सर आल्या पावली परतले. एकोणीस वर्षांचं तत्त्व त्यांच्याच अंगावर आलं होतं. पहिली शर्यत पाऊण तासावर होती. आम्ही दोघांनी पळत पळत त्या ठशांवरूनच फक्कीची रेघ ओढली. दोरी मी धरली होती.

आठशे मीटर दुपारी चारला सुटली. पहिल्या फेरीला सुमन तिसरी होती. सर मैदानाच्या मध्यभागी तिच्याबरोबर वळत उभे होते, तोंडात शिट्टी, पण फुंकत नव्हते. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर ती रेघेला इतकी चिकटून आली, की तिच्या पायांनी फक्की उडत होती. माझा भावना नसलेला अंगठा घामाने घसरत होता. तीन घड्याळं दाबली गेली. दोन म्हणाली एकवीस पूर्णांक तीन, एक म्हणालं पूर्णांक चार. मधला आकडा धरतात. एक दशांश सेकंदाने विक्रम मोडला होता.

सांगलीकरांनी टोप्या उडवल्या. सरांनी मला उचललं. माझं वजन तेव्हा एकाहत्तर किलो होतं. मग मी मंडपात विक्रमाचा अर्ज भरायला बसलो. मुख्य पंच शेजारी उभे होते, त्यांना मिरजेहून गाडी गाठायची होती. नाव, कॉलेज, वेळ लिहून झालं. सातवा रकाना होता : ‘आतील कड कशाची? मोजणी किती अंतरावरून?’ तिथे माझं पेन थांबलं.

रेघ. आणि मोजणी तीसवरून. मी कागदाच्या कोपऱ्यात आकडे मांडले. दोन फेऱ्यांत मैदान सव्वा मीटर कमी भरत होतं. तिच्या वेगाने ते दोन दशांश सेकंद होत होते आणि विक्रम मोडला होता एकाने. दोन दिवस विटा मोजणाऱ्या मला हे सकाळी दोरी धरताना सुचलं नव्हतं. ‘विटांची’ एवढं लिहिलं असतं तर कुणी विचारलंही नसतं, जमिनीवर ठसे अजून होते. मान वर केली तर सर माझ्या खांद्यावरून तो कोपरा वाचत होते.

“अडलं काय?” पंचांनी विचारलं.

“एक फेरी मारून येतो,” सर म्हणाले.

ते रेघेच्या कडेने चालू लागले. पंच घड्याळ बघत होते. “हे काय चाललंय? माझी गाडी चुकेल!” सर पलीकडच्या वळणावर एकदा थांबले, वाकले, जमिनीला हात लावला. मला वाटलं, आता दुसरी फेरी मारणार. पण ते सरळ मंडपात आले, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं : ‘फक्कीची रेघ. मोजणी तीसवरून. चूक माझी.’ खाली सही केली. पंचांनी वाचलं, टोपी काढली, परत घातली आणि अर्जावर आडवी रेघ मारली.

सुमन कडुनिंबाखाली गूळ-शेंगदाणे खात बसली होती. सरांना बघून उठली.

“सुमे, विक्रम न्हाई झाला.”

“आवं सर, पंचांनी सांगितला की!”

“मैदान कमी भरलं. माझी चूक हाय, तुझी न्हाई.”

“किती कमी?”

“सव्वा मीटर.”

तिने मुठीतले शेंगदाणे कागदात परत ठेवले. मग म्हणाली, “येवढंच? मंग पळून येऊ का आत्ता?”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. सर म्हणाले, “ये.” शेवटच्या रेघेपुढे त्यांनी टाचेने दुसरी रेघ ओढली, बरोबर सव्वा मीटरवर. ती पळाली. दोन ढांगांत अंतर संपलं, पण ती थांबली नाही. वळण घेतलं, रिकाम्या मैदानाला पुरी फेरी घातली आणि परत सरांपुढे येऊन उभी राहिली. “आता तर पुरलं न्हवं?” तिने धापा टाकत विचारलं. सरांनी रुमाल काढला आणि तोंड पुसायला गेले, तर तोंड सगळं पांढरं झालं.

त्या वर्षी शिबिराचं बोलावणं आलं नाही. मार्चमध्ये सर निवृत्त झाले. वडूजला जाऊन चूक कुणाची ते वडिलांना स्वतः सांगून आले, आणि पोरीला अजून एक वर्ष पळू द्यायचा शब्द घेऊन आले. पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या गावच्या, सिमेंटची पक्की कड असलेल्या मैदानावर सुमनने सात दशांशाने विक्रम मोडला.

नव्या संचालकांनी आम्हाला बोलावलं. ऑफिसात आता चार खुर्च्या होत्या. तोच रंगारी ब्रश भिजवून उभा होता. “सर, सुमनच्या नावाफुडं संचालक म्हणून कुणाचं नाव घालू?” त्याने हळूच विचारलं. नवे संचालक भिडेने म्हणाले, “सरांचंच घाला.” सर म्हणाले, “न्हाई. ज्याच्या वक्ताला झाला, त्याचं.” रंगारी लिहू लागला. अक्षर अक्षर उमटत गेलं तसे सर एक पाऊल मागे सरकले, मग आणखी एक, आणि मागच्या खुर्चीत बसले. सोळा वर्षांच्या शेजारात मी त्यांना बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ओळ पुरी झाली. ओळीचा दर एव्हाना तीन रुपयांवर गेला होता, पण रंगारी म्हणाला, जुना शब्द जुन्या भावाने. राहिलेले दोन रुपये सरांनी आपल्या खिशातून रंगाऱ्याला दिले. नोट झटकून दिली, तरी तिच्यावर फक्की होती.