तीनशे सत्तावीसची पावलं

"एकशे तेहतीस," अप्पा म्हणाले आणि शेवटची सुपारी ढिगात टाकली. सासऱ्यांच्या तोंडून हाच आकडा निघावा म्हणून मी सकाळपासून देव पाण्यात घातले होते. आणि माझी नणंद शकू म्हणाली, "न्हाय अप्पा. एकशे त्रेचाळीस." मी तिच्या पायावर पाय दिला. उपयोग झाला नाही.

शकू गेल्या महिन्यात गेली. मोठ्या बाई म्हणून शाळेत लोक चांगलं बोलले. ती हट्टी होती, हे कोणी बोललं नाही. मी बोलते.

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली होती. आम्ही नागावला. मी चौथी शिकलेली, ती सातवी पास. गुरुजींनी तिला एक खेळ दिला होता. कुठलाही आकडा घ्या. सम असला तर निम्मा करा, विषम असला तर तिप्पट करून एक मिळवा, आणि एकावर येईपर्यंत पावलं मोजा. सव्वीस दहा पावलांत एकावर येतो. शेजारचा सत्तावीस नऊ हजारांच्या वर चढतो आणि एकशे अकरा पावलांनी खाली येतो! त्या दिवशी आमची भाकरी करपली. मग शकू सगळ्यांत लांब पळणारे आकडे शोधत सुटली. चोपन्नला एकशे बारा पावलं, त्र्याहत्तरला एकशे पंधरा, सत्त्याण्णवला एकशे अठरा... प्रत्येक नवा विक्रम तीन पावलांनी पुढे. तीनशे तेराला एकशे तीस.

तिला अलिबागला जाऊन मास्तरीण व्हायचं होतं, अप्पांना तिचं लग्न करायचं होतं. ते म्हणाले, "पुढचा विक्रम आधी सांग. खरा निघाला तर जा." ती म्हणाली, एकशे तेहतीस.

मग आठ दिवस पडवीत ती पाटीवर एकेक आकडा सोडवी, पावलागणिक मी टोपलीत सुपारी टाकी. तीनशे सत्तावीस थांबेचना. अखेर थांबला, तेव्हा अप्पांनी सुपाऱ्या मोजायला घेतल्या.

आमच्याकडे नारळ विकताना शंभरावर दहा वर द्यायची रीत. शंभर झाले की अप्पांचा हात दहा नग न बोलता बाजूला सारी, आणि मग एकशे एक. सुपाऱ्यांचंही तेच झालं.

"ते बाजूचे दहा धरा," शकू म्हणाली. "वहिनी, तीनचा नियम मोडला! एकदम तेराची उडी!"

"अगं बये, पैज हरलीस तू."

"हरले तर हरले. पण बघ तरी, काय आकडा हाय हा..."

अप्पा त्या दहा सुपाऱ्यांकडे बघत बसले. मग म्हणाले, "या घरात मोजणी कोणाची?"

"तुमची."

"मग एकशे तेहतीस. सोमवारी अलिबागला निघायचं."

"पण अप्पा, एकशे त्रेचा—"

"गप. ट्रंक भर."

ती गेली, शिकली आणि तिनं जन्मभर पोरांना शिकवलं. घरी आली की दरवेळी अप्पांना एकशे त्रेचाळीस ऐकवी. ते एकशे तेहतीसच म्हणत.

त्या दिवशी पडवीत आम्ही तिघं होतो. अप्पांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आता शकूही नाही. मी आहे.