भुईनिमीसाठी आंबागडला

नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत चिनी वैद्यकातल्या वनस्पतींवर काम चालतं. केमोच्या औषधाला त्यांची काही जोड मिळते का, हे आम्ही काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशींवर तपासतो. माझ्या वाट्याची वनस्पती चीनहून मागवायची गरजच नव्हती, भंडारा जिल्ह्यात ती शेताच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, उगवते. तिथे तिला भुईनीम म्हणतात. तुमसरच्या मैत्रिणीने तिच्या ओळखीतल्या, आंबागडच्या शेवंताबाईंच्या घरून मूठभर आणून दिली आणि पेशींची वाढ झकास मंदावली. मग त्यांच्याकडूनच पोतंभर मागवली. त्या पोत्यातलीने मात्र काहीच केलं नाही. आमचे सर म्हणाले, पुढच्या खेपेलाही असंच झालं तर विषय बदला. माझी दोन वर्षं पाण्यात जायची वेळ आली होती. म्हटलं, जाऊन बघूच.

सकाळची गोंदियाकडची गाडी पकडून तुमसर रोडला उतरले. स्टेशनबाहेरचे तर्रीपोहे चुकवू नका. पुढे तुमसरपर्यंत शेअर ऑटो आणि तिथून जीप. जीप गच्च भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घाई घरी ठेवून या. जाऊन-येऊन तीनशेत भागतं. राइस मिल मागे पडल्या की दोन्हीकडे नुसता हिरवागार धान, आणि समोर आंबागडच्या किल्ल्याची टेकडी. किल्ला सकाळीच चढा. मी भर उन्हात निघाले आणि अर्ध्यातून हाशहुश करत परतले.

शेवंताबाई पन्नाशीच्या, धान लावणाऱ्या घरच्या. आधी चहा, मग लाखोळीच्या डाळीचे गरम वडे, आणि पोट भरल्यावरच कामाचं. मी पोत्यातली वाळकी भुईनीम पुढे केली. त्यांनी एक पान चघळलं आणि खाली मान घालून हसायला लागल्या.

"आमी घरी फुलाच्या आंधीचीच तोडतो," त्या म्हणाल्या. "फूल येऊन बी धरलं का कडूपना उतरते."

मग मला बी धरलेली का पाठवली, मी विचारलं.

"तुमी लॅबवाले. तुमाले बारकी झाडं देवाले मले लाज वाटली. निवडून निवडून मोठी धाडली. पाहुन्याले लहान देते का कोनी?"

मला हसावं की रडावं कळेना. मग दोघी पोट धरून हसलो.

दुपारभर त्यांच्या धुऱ्यावर वाकून आम्ही वीतभर रोपं तोडली. एक पान मीही चघळलं आणि चेहऱ्याचा पार नकाशा झाला. तोडता तोडता त्यांनी विचारलं, यानं माणूस बरा होतो का. मी खरं ते सांगितलं: अजून सगळं बशीतच आहे, पेशंटने डॉक्टरांचे उपचार सोडायचे नाहीत. "मंग नीट पाहा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तोडायला लागल्या. त्या भाबड्या आशेत नव्हत्या, हे मला फार आवडलं.

परतल्यावर मोठी आणि लहान, दोन्ही शेजारीशेजारी तपासली. लहान रोपांनी पेशींची वाढ पुन्हा मंदावली. तीनदा केलं, तीनदा तेच. सर म्हणाले, विषय राहू दे. मी लॅबमध्येच गिरकी घेतली.

माझ्या नोंदवहीत रोप कुठून आणलं ती जागा होती, तारीख होती, वजन होतं. रोपाला फूल आलंय का, हा रकाना मात्र नव्हता. तो आता आहे. लगेच शेवंताबाईंना फोन लावला आणि बातमी दिली.

"मंग पुढच्या वर्षी लहानच धाडू ना? तुमच्या सायबाले वाईट तं नाई वाटनार?"